२७-० म्हणजे काय? हेवीवेट बॉक्सरची कारकीर्द कशी घडते

टीव्हीवर हेवीवेट बॉक्सिंगची लढत लागली की दोन्ही बॉक्सरांच्या नावाखाली आकडे झळकतात. समजा २७-० आणि त्यापुढे कंसात २५. अर्थ सोपा आहे. सत्तावीस लढती जिंकल्या, एकही हरली नाही आणि जिंकलेल्यांपैकी पंचवीस नॉकआउटने जिंकल्या. म्हणजे समोरचा दहा आकडे मोजून होईपर्यंत उठला नाही किंवा रेफरीने लढत मध्येच थांबवली. २२ नोव्हेंबर १९८६ ला माइक टायसन जगज्जेतेपदासाठी पहिल्यांदा रिंगमध्ये उतरला तेव्हा त्याच्या नावापुढे हेच आकडे होते. त्या रात्री तो जिंकला आणि वीस वर्षांचा टायसन हेवीवेटचा आजवरचा सर्वांत तरुण जगज्जेता ठरला.

आकडे पाहून आपल्याला वाटतं, केवढी ही ताकद! ताकद असतेच. पण असे आकडे कोणीतरी बसून, विचार करून जमवलेले असतात. कोणाशी लढायचं, केव्हा, कुठे आणि किती पैशांत, हे ठरवणारी माणसं वेगळी असतात आणि बॉक्सरचं बरंचसं भवितव्य त्यांच्या टेबलावर ठरतं. हा सगळा प्रवास टप्प्याटप्प्याने पाहू. बॉक्सिंगची काहीच माहिती नसेल तरी अडणार नाही.

आधी हेवीवेट कोणाला म्हणायचं ते. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये २०० पौंडांपेक्षा, म्हणजे ९०.७ किलोंपेक्षा जास्त वजनाचा बॉक्सर हेवीवेट. वरच्या बाजूला मर्यादाच नाही. पूर्वी ही रेषा १७५ पौंडांवर, सुमारे ७९ किलोंवर होती. एकही लढत न हरता ४९ विजयांवर निवृत्त झालेला रॉकी मार्सियानो ८५ किलोंच्या आसपास असे. आजच्या नियमाने तो हेवीवेटमध्ये बसलाच नसता.

वरची मर्यादा नसल्याचा एक फायदा आहे. इतर गटांतले बॉक्सर वजन बसवण्यासाठी लढतीआधी उपाशी राहतात, अंगातलं पाणी काढतात. हेवीवेटला ते करावं लागत नाही. तोटाही इथेच आहे. काटा अडवत नाही, त्यामुळे वजनाची शिस्त पूर्णपणे स्वतःवर येते. या एका गोष्टीने चांगल्या चांगल्या हेवीवेटचा घात केला आहे. त्यांतले दोघे पुढे भेटतील.

सुरुवात बहुतेकांची हौशी बॉक्सिंगमधून होते. हौशी म्हणजे ज्यात लढण्याचे पैसे मिळत नाहीत ते, ऑलिम्पिकचं. त्यात तीन-तीन मिनिटांचे तीनच राउंड असतात. आपल्याकडचे सेनादलातले कौर सिंग हे अशा हौशी हेवीवेटचं ठळक उदाहरण. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकलं. त्याआधी १९८० मध्ये महंमद अली भारतात आला, तेव्हा दिल्लीत त्याच्याशी प्रदर्शनीय लढतही ते खेळले होते.

ऑलिम्पिक पदकाचा उपयोग मुख्यतः करार करताना होतो. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये अँथनी जोशुआने सुपर हेवीवेटचं आणि युक्रेनच्या ओलेक्झांडर उसिकने हेवीवेटचं सुवर्ण जिंकलं. पुढच्याच वर्षी दोघेही व्यावसायिक झाले, तेही चांगला भाव मिळवून. पण पदक आहे म्हणून पुढे यश मिळेलच असं नाही. हेन्री टिलमनने १९८४ मध्ये हौशी टायसनला दोनदा हरवलं आणि त्याच वर्षी ऑलिम्पिक सुवर्ण मिळवलं. सहा वर्षांनी दोघे व्यावसायिक म्हणून समोरासमोर आले, तेव्हा टायसनने त्याला पहिल्याच राउंडमध्ये झोपवलं. तीन राउंड वेगाने खेळून गुण जमवणं वेगळं आणि बारा राउंड मार खात, मार देत टिकणं वेगळं.

व्यावसायिक व्हायचं तर परवाना लागतो. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा स्वतंत्र क्रीडा आयोग तो देतो. ब्रिटनमध्ये ब्रिटिश बॉक्सिंग बोर्ड ऑफ कंट्रोल देतं. मेंदूचं स्कॅन, डोळ्यांची तपासणी, एचआयव्ही आणि कावीळ यांच्यासाठी रक्ततपासणी, हे सगळं त्यात येतं.

इथे पहिली फट आहे. सगळ्या जगाला लागू असा एकच परवाना नाही. एका ठिकाणी नकार मिळाला की दुसरीकडे जाता येतं. २०१२ मध्ये डेव्हिड हे आणि डेरेक चिसोरा या हेवीवेट बॉक्सरांची लढत लंडनमध्येच झाली, पण परवाना लक्झेंबर्गच्या महासंघाचा होता, कारण ब्रिटिश बोर्डाने चिसोराचा परवाना काढून घेतला होता.

आता बॉक्सरभोवतीची माणसं. यांच्यात नेहमी गोंधळ होतो, म्हणून जरा सावकाश पाहू.

मॅनेजर हा बॉक्सरचा माणूस. त्याच्या वतीने बोलणी करायची, त्याच्यासाठी जास्तीत जास्त पैसे मिळवायचे, हे त्याचं काम. प्रमोटर हा कार्यक्रमाचा मालक. हॉल घेतो, टीव्हीशी करार करतो, तिकिटं विकतो आणि बॉक्सरांना पैसे देतो. साहजिकच बॉक्सरला जितकं कमी द्यावं लागेल तितका प्रमोटरचा नफा वाढतो. म्हणजे हे दोघे टेबलाच्या दोन बाजूंना असायला हवेत.

ते एकाच बाजूला बसले तर काय होतं? टिम विदरस्पून १९८६ मध्ये जगज्जेता होता आणि वेम्ब्लीवर फ्रँक ब्रुनोला हरवून त्याने पद राखलं. त्याचा प्रमोटर डॉन किंग होता आणि मॅनेजर किंगचा सावत्र मुलगा कार्ल. ठरलेल्या ५ लाख डॉलरपैकी विदरस्पूनच्या हातात सुमारे ९० हजार पडले. त्याने दावा लावला आणि पुढे कोर्टाबाहेर तडजोड झाली. अशा तक्रारींमुळेच अमेरिकेने २००० मध्ये महंमद अलीच्या नावाने कायदा केला. मॅनेजरचा प्रमोटरच्या धंद्यात आर्थिक हितसंबंध नको आणि या लढतीतून आपल्याला किती मिळणार हे प्रमोटरने बॉक्सरला सांगायला हवं, अशा त्यातल्या तरतुदी आहेत. तरुण बॉक्सरची सर्वांत महागात पडणारी चूक रिंगमध्ये होत नाही. घाईत सही केलेल्या पहिल्या करारात होते.

तिसरा माणूस मॅचमेकर. आपल्याकडे जत्रेतल्या फडावर जाणती माणसं पैलवानांची जोड लावतात, तसं याचं काम. फरक एवढाच, की जत्रेत जोड तोलामोलाची लागावी हा आग्रह असतो आणि इथे सुरुवातीच्या काळात ती तशी लागू नये अशीच काळजी घेतली जाते.

पहिल्या लढती चार राउंडच्या असतात. नवा, होतकरू बॉक्सर घरच्या कोपऱ्यात. समोर पाहुणा. हा पाहुणा बहुतेकदा जर्नीमन असतो, म्हणजे आज या गावात, उद्या त्या गावात, ऐन वेळी फोन आला तरी जाऊन लढणारा आणि बहुधा हरणारा बॉक्सर. त्याला नाव ठेवू नका. ती कला आहे. त्याला बाद व्हायचं नसतं, कारण नॉकआउट झाला की वैद्यकीय नियमाने काही आठवडे लढायला बंदी येते आणि बंदी म्हणजे पुढच्या आठवड्याची कमाई गेली. म्हणून तो मिठी मारतो, दोरांना टेकतो, खांद्यावर ठोसे घेतो आणि चार राउंड उभा राहून घरी जातो. होतकरू पोराला त्याच्याकडून जे शिकायला मिळतं ते कुठल्याही सरावात मिळत नाही.

ब्रिटनच्या छोट्या हॉलमध्ये तर घरच्या कोपऱ्यातल्या बॉक्सरला स्वतः तिकिटं विकावी लागतात. मित्र, नातेवाईक, जिममधली मंडळी, सगळ्यांच्या गळ्यात मारायची. त्या विक्रीतूनच पाहुण्याचं मानधन निघतं. उरलं तर आपलं.

हे पाहुणे किती काळ द्यायचे, हा मॅचमेकरच्या कौशल्याचा कस. फार लवकर कठीण माणूस दिला तर पोरगा मोडतो. फार उशीर केला तर आकडे फुगतात आणि आत पोकळ राहतं. ठरलेलं माप नाही. टायसन अठ्ठाविसाव्या लढतीत जगज्जेता झाला, जोशुआ सोळाव्या, डिऑन्टे वाइल्डर तेहतिसाव्या. लिऑन स्पिंक्सने १९७८ मध्ये अवघ्या आठव्या लढतीत खुद्द अलीला हरवलं, पण सात महिन्यांत पद परत गमावलं. १९५७ मध्ये पीट रेडमेकर तर पहिल्याच व्यावसायिक लढतीत जगज्जेत्या फ्लॉइड पॅटरसनसमोर उतरला आणि सहाव्या राउंडमध्ये बाद झाला. धाडसाचं कौतुक करावं, अनुकरण मात्र करू नये.

म्हणून आपण आकडे पाहाल तेव्हा एक करा. बॉक्सरेक या संकेतस्थळावर त्या बॉक्सरचं पान उघडा आणि त्याच्या नावाकडे न पाहता हरलेल्यांच्या नावांवरून बोट फिरवा. त्यांचे आकडे काय आहेत? शेवटच्या पाच लढतींत ते किती जिंकले? दहा मिनिटांत बरंच उलगडतं.

लढत ठरली की आठ-दहा आठवड्यांचं शिबिर सुरू होतं. पळणं, पोतं, दोरीउड्या हे आपण सिनेमात पाहिलेलं असतं. खरं महत्त्वाचं असतं ते स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत. त्यासाठी पगारी जोडीदार ठेवतात, पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या उंचीचे आणि शैलीचे. लॅरी होम्स हा असाच अलीचा स्पारिंगचा जोडीदार होता आणि पुढे स्वतः सात वर्षं जगज्जेता राहिला. हेवीवेटने इथे फार जपायला हवं. मोठे ग्लोव्हज आणि डोक्याला संरक्षण असलं तरी शंभर किलोंच्या माणसाचा ठोसा मेंदूपर्यंत पोचतोच. सरावातल्या माराची नोंद कुठल्याच पानावर नसते.

आता क्रमवारी. इथे नवखा माणूस हमखास चक्रावतो, कारण जगज्जेतेपद एक नाही, चार आहेत. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ अशा चार संघटना आपापला पट्टा देतात आणि आपापली क्रमवारी लावतात. जगज्जेत्याने ठरावीक मुदतीत त्या संघटनेने नेमलेल्या दावेदाराशी लढावंच लागतं. नाही लढलं तर पट्टा जातो.

दोन्ही बाजूंचं पैशांवर जमलं नाही तर लिलाव होतो. प्रमोटर बंद पाकिटात बोली देतात, ज्याची जास्त त्याची लढत. २०२२ मध्ये टायसन फ्युरी आणि डिलियन व्हाइट यांच्या लढतीसाठी प्रमोटर फ्रँक वॉरेनच्या पाकिटात ४ कोटी १० लाख २५ हजार डॉलर निघाले. दुसऱ्या पाकिटात सव्वातीन कोटींच्या आत होते. वाटणी ८०-२० अशी, जगज्जेत्या फ्युरीला मोठा हिस्सा.

चारही पट्टे एकाच्या कमरेला आले की त्याला निर्विवाद जगज्जेता म्हणतात. हेवीवेटमध्ये हे पहिल्यांदा १८ मे २०२४ ला रियाधमध्ये घडलं. उसिकने फ्युरीला हरवलं. पण चार संघटनांच्या चार दावेदारांना एकटा माणूस पुरा कसा पडणार? दीड महिन्याच्या आतच उसिकने आयबीएफचा पट्टा सोडला आणि तो डॅनियल डुबोइसकडे गेला. पुढच्या वर्षी जुलैत वेम्ब्लीवर डुबोइसला हरवून उसिकने तो परत मिळवला. पट्टे असे रिंगबाहेरही हात बदलतात, हे ध्यानात ठेवलं तर बातम्या वाचताना गोंधळ होणार नाही.

प्रत्यक्ष लढतीच्या रात्री टीव्ही जे क्वचित दाखवतो ते खोलीतलं काम पाहू. ट्रेनर बॉक्सरच्या हातांना गॉझ आणि चिकटपट्टी बांधतो. बोटांच्या मधून, मनगटाभोवती, अंगठ्याखालून. समोरच्या गोटातला एक माणूस शेजारी उभा राहून एकेक वेढा पाहतो. झालं की अधिकारी त्या पट्टीवर पेनाने सही करतो. मग दहा औंसांचे ग्लोव्हज, मनगटावर पुन्हा पट्टी, पुन्हा सही. एवढा संशय का? १९८३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका हलक्या वजनगटाच्या लढतीत ग्लोव्हजमधलं अस्तरच काढून टाकलेलं सापडलं होतं आणि समोरच्या बॉक्सरची कारकीर्द त्या रात्री संपली होती.

राउंड तीन मिनिटांचा, मधे एक मिनिट विश्रांती. जगज्जेतेपदाची लढत बारा राउंडची. पूर्वी पंधरा असायचे. १९८२ मध्ये कोरियाचा डुक कू किम चौदाव्या राउंडमध्ये कोसळला आणि काही दिवसांनी गेला, त्यानंतर हळूहळू सगळ्यांनी बारा केले. विश्रांतीच्या मिनिटात कटमॅनचं काम बघण्यासारखं असतं. भुवईवरची जखम पुसायची, अ‍ॅड्रेनलिनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा त्यात दाबून धरायचा, वर व्हॅसलिन लावायचं, सुजलेल्या गालावर थंडगार धातूची पट्टी ठेवायची. रक्त डोळ्यांत उतरलं तर डॉक्टर लढत थांबवू शकतो, म्हणून हे साठ सेकंद लाखमोलाचे.

गुण तीन पंच देतात. राउंड जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला साधारण ९. जमिनीवर पडला, म्हणजे नॉकडाउन झाला, तर बहुतेकदा ८. हा एक गुण किरकोळ वाटतो ना? रियाधच्या त्या लढतीत एका पंचाने ११५-११२ आणि दुसऱ्याने ११४-११३ असे उसिकच्या बाजूने गुण दिले. तिसऱ्याने ११४-११३ फ्युरीला. नवव्या राउंडमध्ये फ्युरी दोरांवर कलंडला होता आणि रेफरीने आकडे मोजले होते. तो नॉकडाउन नसता तर दुसऱ्या पंचाचं गणित ११४-११४ झालं असतं आणि लढत बरोबरीत सुटली असती.

पैशांचं गणितही करून पाहू. समजा मानधन १ लाख डॉलर ठरलं. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी मॅनेजरला जास्तीत जास्त एक तृतीयांश घेता येतो, ते गेले ३३ हजार. ट्रेनरचे प्रथेप्रमाणे १० टक्के. पट्ट्याची लढत असेल तर संघटनेचं शुल्क ३ टक्क्यांच्या आसपास. कटमॅन, स्पारिंगच्या जोडीदारांचे आठवड्याचे पगार, राहणं, खाणं. चाळीस हजार हातात राहिले तर नशीब. कर अजून भरायचाच आहे.

करामुळे जो लुईस बुडाला. बारा वर्षं जगज्जेता, २५ वेळा पद राखलेलं. दुसऱ्या महायुद्धात त्याने दोन लढतींचं मानधन नौदल आणि लष्कराच्या मदतनिधीला दिलं. करखात्याने ते त्याचं उत्पन्न धरलं. इतरही थकबाकी साचली, व्याज चढलं. निवृत्त झालेला लुईस पैशांसाठी परत रिंगमध्ये आला आणि १९५१ मध्ये तरुण मार्सियानोने त्याला आठव्या राउंडमध्ये दोरांबाहेर फेकलं. पुढे लास वेगासच्या एका कॅसिनोत पाहुण्यांचं स्वागत करायची नोकरी त्याने केली. त्याच्या कारकिर्दीइतकी अन्यायाची गोष्ट मला या खेळात दुसरी दिसत नाही.

आता वजनाच्या सापळ्यातले ते दोघे. ११ फेब्रुवारी १९९० ला टोकियोत जेम्स डग्लसने अजिंक्य टायसनला दहाव्या राउंडमध्ये बाद केलं. टायसनसाठी ती सोपी म्हणून निवडलेली लढत होती. आठ महिन्यांनी सुमारे २ कोटी ४० लाख डॉलर घेऊन डग्लस इव्हँडर होलीफिल्डसमोर आला तो सात किलोंनी जड होऊन, आणि तिसऱ्या राउंडमध्ये गेला. अँडी रुइझचं तसंच. जून २०१९ मध्ये तो ऐन वेळी बदली म्हणून आला आणि त्याने जोशुआला हरवलं. सहा महिन्यांनी परतीच्या लढतीत त्याचं वजन १२८ किलो भरलं, आधीपेक्षा सात किलो जास्त. बारा राउंड तो जोशुआच्या मागे धावत राहिला.

पराभवाने कारकीर्द संपतेच असं मात्र नाही. जर्सी जो वॉलकॉट चार वेळा अपयशी होऊन पाचव्या प्रयत्नात, सदतिसाव्या वर्षी जगज्जेता झाला. जॉर्ज फोरमन दहा वर्षं रिंगबाहेर होता. परत येऊन १९९४ मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी त्याने पट्टा जिंकला. हेवीवेटमध्ये वेग आधी जातो, ठोशाचं वजन बरंच उशिरापर्यंत राहतं, म्हणून हे शक्य होतं. आणि म्हणूनच थांबणं अवघड होतं. प्रत्येकाला वाटतं, आपण फोरमन.

अली २ ऑक्टोबर १९८० ला होम्ससमोर उतरला तेव्हा ३८ वर्षांचा होता आणि त्याचं बोलणं जड झालेलं लोकांच्या कानावर येत होतं. दहा राउंड तो नुसता मार खात राहिला. शेवटी त्याचा ट्रेनर अँजेलो डंडीने लढत थांबवली. त्यानंतरही तो आणखी एक लढला. १९८४ मध्ये पार्किन्सन्सचं निदान झालं.

धोका उतारवयातच असतो असंही नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मागोमेद अब्दुसलामोव्ह दहा राउंडनंतर स्वतःच्या पायांनी रिंगमधून उतरला. त्याला रुग्णवाहिका नाही, टॅक्सी मिळाली. रुग्णालयात पोचेपर्यंत मेंदूत रक्त साठलं होतं. तो कोमात गेला आणि कायमचा परावलंबी झाला. न्यूयॉर्क राज्याने २०१७ मध्ये त्याच्या कुटुंबाला २ कोटी २० लाख डॉलर दिले. लढतीनंतर डोकं दुखतंय असं बॉक्सर म्हणाला तर सगळं सोडून रुग्णवाहिका, हा नियम कोपऱ्यातल्या प्रत्येकाला पाठ असायला हवा.

वेळेवर थांबलेलेही आहेत. लेनॉक्स लुईसने जून २००३ मध्ये व्हिटाली क्लिच्कोविरुद्ध एक रक्तबंबाळ लढत जिंकली आणि पुढच्या फेब्रुवारीत जगज्जेता असतानाच निवृत्ती घेतली. होम्स मात्र वेळेवर थांबला नाही. पन्नाशी उलटल्यावरही लढला. पण त्याने कमाई पेनसिल्वेनियातल्या आपल्या ईस्टन गावात जमीन-इमारतींत गुंतवली होती, त्यामुळे तो पोटासाठी लढत नव्हता.

बाकीच्यांचं काय? इतर मोठ्या खेळांत संघ असतो, लीग असते, निवृत्तिवेतन असतं. बॉक्सरला यातलं काही नाही, तो कायम स्वतंत्र ठेकेदार. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने १९८२ पासून तिकिटांवर थोडी रक्कम लावून बॉक्सरांसाठी निवृत्तिनिधी ठेवला आहे. तिथे ठरावीक राउंड खेळलेल्याला पन्नाशीनंतर त्यातून पैसे मिळतात. कित्येक जुन्या बॉक्सरांना आपण पात्र आहोत हेच ठाऊक नसतं, त्यामुळे आयोगालाच त्यांचे पत्ते शोधावे लागतात.